चष्म्याचं दुकान, आठ फुटांचा पॅसेज आणि अमेरिकेची घटना

घरात मोजपट्टी असेल तर हाताशी घ्या. लिफ्टपासून फ्लॅटच्या दारापर्यंत जो पॅसेज असतो, त्याची रुंदी मोजा. चार फूट भरेल, फार तर पाच. आता समजा, याच मजल्यावर एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे आणि त्यांना सरकारी पत्र येतं: पॅसेज आठ फूट हवा, दोन स्ट्रेचर समोरासमोर आले तरी अडायला नकोत. शस्त्रक्रियेची खोली किमान २४० चौरस फुटांची हवी. हवा खेळती ठेवणारी यंत्रणा मोठ्या ऑपरेशन थिएटरला लागते तशी हवी. जमत नसेल तर कुलूप लावा. डॉक्टरबाई म्हणतात, अहो, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येक जणी नुसत्या गोळ्या घेतात आणि चालत घरी जातात, स्ट्रेचर कुणासाठी? उत्तर येतं: त्यांच्याच सुरक्षिततेसाठी.

टेक्सास राज्यात २०१३ साली गर्भपात करणाऱ्या दवाखान्यांना साधारण असंच सांगण्यात आलं आणि तीन वर्षांनी हा पॅसेज अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचला.

अमेरिकेतला गर्भपाताचा वाद म्हटलं की आपल्याला मोर्चातले दोन फलक आठवतात. एकावर बाईचा हक्क, दुसऱ्यावर गर्भाचा जीव. पण पन्नास वर्षं तिथल्या कोर्टांत जे खटले चालले, त्यातल्या कितीतरी खटल्यांत हा मोठा प्रश्न थेट समोर नव्हताच. भांडण दवाखान्याच्या नियमांवर होतं. डॉक्टर कोण असावा, जवळच्या हॉस्पिटलशी त्याचं नातं काय असावं, पेशंटला किती तास थांबवावं, खोली केवढी असावी. अशा नियमांना विरोधकांनी नाव दिलं ‘ट्रॅप’ कायदे. टार्गेटेड रेग्युलेशन ऑफ ॲबॉर्शन प्रोव्हायडर्स, या शब्दांची ती आद्याक्षरं. ट्रॅप म्हणजे सापळा, हे काही योगायोगाने जुळलेलं नाही. समर्थक हे नाव चुकूनही घेत नाहीत. त्यांच्या लेखी हे रुग्णसुरक्षेचे कायदे. भांडण नावापासूनच सुरू होतं ते असं.

हे सगळं नीट समजायचं असेल तर आधी एका चष्म्याच्या दुकानात जावं लागेल.

टेक्सासच्या उत्तरेला ओक्लाहोमा. तिथे १९५३ साली कायदा झाला की डोळ्यांच्या तज्ज्ञाची चिठ्ठी असल्याशिवाय चष्मेवाल्याने काच बसवायची नाही. नवा नंबर सोडाच. फ्रेम मोडली आणि जुनीच काच नव्या फ्रेममध्ये घालायची असली तरी चिठ्ठी आणा. चष्मेवाले कोर्टात गेले. जुनी काच नव्या फ्रेममध्ये बसवण्यात डोळ्यांचं आरोग्य कुठे आलं, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. १९५५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की कायदा कदाचित अनावश्यक असेल, लोकांना भुर्दंडही पडत असेल, पण फायदा-तोटा तोलणं हे विधिमंडळाचं काम आहे. कायद्यामागे पटण्याजोगं एखादं कारण असू शकतं एवढं दिसलं की आम्ही आत डोकावणार नाही. कायदा वाईट वाटतोय? मग पुढच्या निवडणुकीत सरकार बदला.

कोर्ट इतकं नमतं का घेत होतं? कारण १९३७ पर्यंत त्याने उलटं करून पाहिलं होतं. कामाचे तास, किमान वेतन असे कितीतरी कायदे ‘कराराचं स्वातंत्र्य’ म्हणत उडवून लावले आणि त्यापायी भरपूर बोल ऐकले. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून ताक फुंकून पिणं चाललं होतं. शिवाय आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी कायदे करणं हा तिथे मुळात राज्यांचा अधिकार. वकील त्याला ‘पोलीस पॉवर’ म्हणतात. पोलिसांशी त्याचा संबंध नाही; सलूनच्या परवान्यापासून साथीच्या लसीपर्यंत सगळं त्यात येतं.

पण एक अपवाद होता. ज्या धंद्यावर नियम घातलाय, त्या धंद्याच्या खांद्यावर बसून लोकांचा एखादा मूलभूत हक्क चालत असेल, तर कोर्ट चष्मा लावून बघतं. हा मुद्दा आपल्याला परका नाही. वर्तमानपत्राने किती पानं द्यायची आणि किती पैशांना विकायचं, हे ठरवणारा आदेश भारत सरकारने १९६० साली काढला होता. कारण सांगितलं ते निकोप स्पर्धेचं. पुण्याचा ‘सकाळ’ सुप्रीम कोर्टात गेला आणि जिंकला. पानं कमी केली की मजकूर कमी होतो, किंमत वाढवली की वाचक कमी होतो; नियम धंद्यावर घातलात पण घाव बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बसला, असं आपलं कोर्ट म्हणालं. गर्भपाताच्या दवाखान्यांचं भांडण थेट याच जातीचं आहे. दवाखाना हा चष्म्याच्या दुकानासारखा समजायचा की वर्तमानपत्रासारखा? बाकी सगळं कायद्याचं किचकट बोलणं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

१९७३ च्या जानेवारीत कोर्टाने पहिलं उत्तर दिलं. रो विरुद्ध वेड हा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आहे, त्यात खासगीपणा येतो आणि त्यात गर्भपाताचा निर्णय येतो, असं सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं. त्याच दिवशी लागलेला दुसरा निकाल मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि माझ्या मते आपल्या विषयाचं मूळ तिथेच आहे. डो विरुद्ध बोल्टन. जॉर्जिया राज्याने गर्भपातावर सरसकट बंदी घातली नव्हती; अटी घातल्या होत्या. मान्यताप्राप्त हॉस्पिटलमध्येच करायचा, हॉस्पिटलच्या समितीची मंजुरी घ्यायची, वर आणखी दोन डॉक्टरांची सही. कोर्टाने या अटी उडवल्या. दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेला समिती लागत नाही, मग इथेच का, हा त्यांचा सवाल होता. म्हणजे हक्क जन्मला त्याच दिवशी हक्काच्या वाटेतल्या काट्यांचा खटलाही जन्मला.

रोने गर्भारपणाचे तीन टप्पे पाडले होते. पहिल्या तीन महिन्यांत राज्याने जवळजवळ हातच घालायचा नाही, पुढच्या टप्प्यात बाईच्या आरोग्यासाठी नियम करायचे, गर्भ बाहेर जगू शकेल अशा टप्प्यानंतर बंदीही चालेल. आखणी सुबक होती, पण वैद्यकशास्त्र कॅलेंडर बघून थांबत नाही. १९८३ च्या एका खटल्यात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी भिन्नमतात याच दुखण्यावर बोट ठेवलं. मग १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा खटला आला, प्लॅन्ड पॅरेंटहुड विरुद्ध केसी. रो आता जाणार असं सगळे धरून चालले होते. पण ओकॉनर, केनेडी आणि सूटर या तिघा न्यायमूर्तींनी मिळून निकाल लिहिला. हक्क राहिला, तीन टप्पे गेले आणि नवी कसोटी आली: अवाजवी बोजा. गर्भ बाहेर जगू शकण्याआधी बाईच्या वाटेत मोठा अडथळा आणणं हा ज्या नियमाचा हेतू आहे किंवा परिणाम आहे, तो नियम घटनाबाह्य.

हेतू किंवा परिणाम. शब्द दोनच, पण वकिलांची एक अख्खी पिढी त्यावर जगली. त्याच निकालाने २४ तास थांबवण्याची अट चालवून घेतली, नवऱ्याला कळवण्याची अट मात्र रद्द केली. मोठा अडथळा म्हणजे किती मोठा? शंभर मैलांचा प्रवास? चारशे डॉलर जादा? कोर्टाने माप दिलंच नाही. आणि जिथे माप नसतं तिथे माणसं फूटपट्टी घेऊन उतरतात. थेट बंदी घातली तर कोर्ट रद्द करणार हे कळल्यावर गर्भपातविरोधी आमदारांनी दुसरी वाट धरली. बंदी नको, नियम करू. दवाखान्याला पेलले नाहीत तर तो आपोआप बंद पडेल. सुंठीवाचून खोकला जाईल.

इथे थांबून दुसऱ्या बाजूचं खरं दुखणं सांगायला हवं, नाहीतर हा लेख एकतर्फी व्हायचा. फिलाडेल्फियात कर्मिट गॉस्नेल नावाचा डॉक्टर होता. २०१० मध्ये औषधांच्या बेकायदा चिठ्ठ्यांच्या तपासासाठी पोलीस त्याच्या दवाखान्यात शिरले आणि त्यांना तिथे नरक दिसला. घाण, गंजलेली उपकरणं, औषध देणारी अप्रशिक्षित माणसं. भूतानमधून निर्वासित होऊन आलेली एक बाई तिथे औषधाच्या जादा मात्रेने गेली होती. जिवंत जन्मलेल्या तीन अर्भकांच्या खुनाबद्दल आणि त्या बाईच्या मृत्यूबद्दल २०१३ च्या मे महिन्यात तो दोषी ठरला. राज्याचा तपासनीस त्या दवाखान्यात १५ वर्षांहून अधिक काळ फिरकला नव्हता. ज्यांना म्हैसाळ आठवतं, सांगली जिल्ह्यात २०१७ मध्ये उकरून काढलेले ते १९ भ्रूण आठवतात, त्यांना ‘दवाखान्यांवर लक्ष ठेवायलाच हवं’ हे कुणी पटवून द्यावं लागणार नाही. नियम हवेत. वाद कधीच ‘नियम हवेत की नकोत’ असा नव्हता. हा नियम त्या रोगावरचं औषध आहे का, हा होता.

तर टेक्सास. २५ जून २०१३ ला राज्याच्या सिनेटर वेंडी डेव्हिस गर्भपाताच्या दवाखान्यांवरच्या नियमांचं विधेयक अडवायला गुलाबी रंगाचे पळायचे बूट घालून बोलायला उभ्या राहिल्या. टेक्सासच्या सिनेटमध्ये असं अडवून धरणारं भाषण करताना बसायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही, विषय सोडायचा नाही. त्या अकरा तासांच्या आसपास बोलल्या, मग गॅलरीतून गदारोळ झाला, मध्यरात्र उलटली, अधिवेशन संपलं आणि विधेयक अडकलं. गव्हर्नर रिक पेरी यांनी लगेच पुढचं खास अधिवेशन बोलावलं आणि जुलैत कायदा झालाच. त्याआधी लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांनी एक गंमतच केली होती. हे विधेयक आलं तर राज्यातला गर्भपात जवळपास बंद होईल, अशी धोक्याची सूचना देणारं विरोधकांचंच चित्र त्यांनी ट्वीट केलं आणि वर लिहिलं की आम्ही लढलो ते यासाठीच. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे कोर्टात सिद्ध करायला फार जड जातं. इथे खायचे दात स्वतःहून दाखवले गेले.

कायद्याचं नाव एचबी २. त्यातल्या दोन अटी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला ३० मैलांच्या, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरच्या आतल्या हॉस्पिटलमध्ये ‘ॲडमिटिंग प्रिव्हिलेजेस’ हवेत. म्हणजे स्वतःच्या नावाने पेशंट दाखल करण्याचा हक्क. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! काही बिघडलं तर डॉक्टर स्वतः पेशंटला हॉस्पिटलमध्ये घेऊन जाईल.

मेख इथे आहे. हा हक्क हॉस्पिटल देतं, आणि बरीच हॉस्पिटलं तो देताना विचारतात की वर्षाला किमान किती पेशंट आणाल? गर्भपातात गुंतागुंत इतकी क्वचित होते की डॉक्टरकडे दाखल करायला पेशंटच नसतात. एल पासोच्या एका दवाखान्याने कोर्टाला सांगितलं की दहा वर्षांत १७,००० हून अधिक गर्भपात केले, एकीलाही तातडीने हॉस्पिटलला हलवावं लागलं नाही. काम सुरक्षित म्हणून पेशंट नाहीत, पेशंट नाहीत म्हणून हक्क नाही, हक्क नाही म्हणून तुम्ही असुरक्षित. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या मॅकॅलन गावातले एक डॉक्टर ३८ वर्षं प्रॅक्टिस करत होते, त्यांनी १५,००० हून जास्त बाळंतपणं केली होती. आसपासच्या सातही हॉस्पिटलांनी त्यांना नकार दिला. त्यातल्या एकाने तर पत्रात स्पष्टच लिहिलं की या नकाराचा तुमच्या वैद्यकीय कौशल्याशी काही संबंध नाही. आणि खरं तर या हक्कावाचून पेशंटचं अडतही नाही. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की इमर्जन्सीमध्ये आलेल्या माणसाला हॉस्पिटलने तपासलंच पाहिजे, स्थिर केलंच पाहिजे, डॉक्टर ओळखीचा असो वा नसो.

दुसरी अट आपल्या पॅसेजची. प्रत्येक दवाखाना छोट्या सर्जिकल सेंटरच्या दर्जाचा हवा. नुसत्या गोळ्या देणारासुद्धा. एका दवाखान्याला त्यासाठी एक ते तीन मिलियन डॉलर लागले असते. आणि ज्या खऱ्याखुऱ्या सर्जिकल सेंटरांसाठी हे नियम मुळात केले होते, त्यांच्यातल्या जवळपास दोन तृतीयांशांना टेक्सासने जुनं बांधकाम म्हणून या ना त्या नियमातून सूट दिली होती. गर्भपाताच्या एकाही दवाखान्याला दिली नाही.

आपल्याकडच्या व्यवस्थेशी तुलना केली की हे नीट कळतं. भारतातही १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात (एमटीपी) कायद्याने खासगी दवाखान्याला सरकारी मान्यता लागते; ‘मान्यताप्राप्त एमटीपी केंद्र’ अशी पाटी तुम्ही नर्सिंग होमच्या दारावर पाहिली असेल. जिल्ह्याची समिती टेबल, भुलीची सोय, शॉकवरची औषधं बघते. पण २००३ च्या नियमांनी सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गोळ्यांसाठी डॉक्टरला आपल्या साध्या दवाखान्याची मुभा दिली. गरज पडली तर मान्यताप्राप्त केंद्र गाठता येईल एवढी व्यवस्था हवी. आपल्या कायद्यात दुसऱ्या पुष्कळ अडचणी आहेत, त्यातली मोठी म्हणजे तो मुळात हक्क देतच नाही, फक्त डॉक्टरला शिक्षेतून सूट देतो. तरी गोळीसाठी ऑपरेशन थिएटर मागण्याचा प्रकार त्यात नाही.

टेक्सासमध्ये आधी चाळीसच्या आसपास दवाखाने होते. पहिली अट लागू झाल्यावर निम्मे बंद पडले. दुसरी लागू झाली असती तर सात-आठ उरले असते, तेही मोठ्या शहरांत. टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. मॅकॅलनहून सॅन अँटोनियोला जायचं म्हणजे मुंबईहून कोल्हापूरला जाण्याइतकं अंतर. रोजंदारीवर काम करणाऱ्या, घरी दोन पोरं असलेल्या बाईला हे परवडेल का, याची कल्पना करायला अमेरिकेत जायची गरज नाही. प्रजननक्षम वयाच्या ज्या बायका दवाखान्यापासून २०० मैलांहून लांब राहत होत्या, त्यांची संख्या पहिल्या अटीनंतर सुमारे १०,००० वरून २,९०,००० वर गेली.

२ मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टात युक्तिवाद झाला. खटल्याचं नाव होल वुमन्स हेल्थ विरुद्ध हेलरस्टेड. या सुनावणीतल्या दोन जागा मला फार आवडतात. टेक्सासचे वकील म्हणाले, एल पासोच्या बायकांची काळजी नको, शेजारच्या न्यू मेक्सिकोत दवाखाना आहे. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विचारलं, न्यू मेक्सिकोत तर हे नियमच नाहीत. बाईच्या सुरक्षिततेसाठी नियम अत्यावश्यक आहेत म्हणता आणि तिलाच नियम नसलेल्या ठिकाणी पाठवता? आणि न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बोट ठेवलं ते दोन आठवड्यांच्या एका विचित्र काळावर. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये खालच्या कोर्टाच्या आदेशाने दुसरी अट मध्येच लागू झाली तेव्हा डझनभर दवाखाने बंद झाले आणि सुप्रीम कोर्टाने ती थोपवल्यावर परत उघडले. कारण आणि परिणाम यांचा याहून चोख प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत व्हायचा?

न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया फेब्रुवारीत वारले होते, म्हणून न्यायाधीश आठच. २७ जूनला पाच विरुद्ध तीन असा निकाल लागला, लिहिला स्टीफन ब्रायर यांनी. निकाल वाचताना एखादा शांत गणिताचा मास्तर फळ्यावर उदाहरण सोडवतोय असं वाटतं. या नियमाने एका तरी बाईला अधिक चांगले उपचार मिळाले असते का, असं टेक्सासला विचारलं; तसा पुरावा नाही, हे टेक्सासने कबूल केलं. कोलोनोस्कोपीत मृत्यूचा धोका गर्भपाताच्या दहापट, पण ती सर्जिकल सेंटरमध्येच करा असा नियम नाही. बाळंतपणात मृत्यूची शक्यता चौदापट, आणि टेक्सासचा कायदा सुईणीला ते पेशंटच्या घरी करू देतो. गॉस्नेलचं काय? ब्रायर म्हणाले, तो आधीचेच कायदे मोडत होता. तपासणीला कुणी गेलं नाही हा रोग होता, आणि टेक्सासमध्ये दरवर्षी तपासणी आधीपासूनच होती. मग सूत्र आलं. नियमाचा फायदा एका पारड्यात, अडथळा दुसऱ्यात. फायदा शून्याजवळ आणि अडथळा मोठा असेल तर बोजा अवाजवी.

विरोधातल्या न्यायाधीशांचं म्हणणंही फुकाचं नव्हतं. क्लॅरेन्स थॉमस यांचा आक्षेप असा की खटला दवाखान्याने आणलाय, हक्क मात्र बाईचा. ज्याच्या धंद्याला नियम जाचतात त्यानेच गिऱ्हाइकाच्या वतीने बोलायचं, हे कसं? प्रश्न बोचरा आहे. उत्तर इतकंच की गर्भारपण नऊ महिन्यांत संपतं आणि खटला तीन वर्षं चालतो. सॅम्युअल अलिटो यांनी गॉस्नेल पुन्हा समोर आणला आणि कोणते दवाखाने नेमके कशामुळे बंद झाले याचा पुरावा तोकडा असल्याचं म्हटलं. पण या सगळ्यांमागे जुना चष्मेवालाच उभा होता. न्यायाधीशाला वैद्यक कळतं का? पारडी हातात घ्यायला त्याला कुणी निवडून दिलंय का?

जिंकूनही टेक्सासचे बंद पडलेले बहुतेक दवाखाने परत उघडले नाहीत. जागेचे करार संपले होते, नर्सेस दुसरीकडे लागल्या होत्या, डॉक्टर निवृत्त झाले होते. कोर्टाने कायदा रद्द केला, पण तीन वर्षं कुणी परत आणून देत नाही.

२०२० मध्ये लुईझियानाचा कायदा आला, पहिली अट जवळजवळ शब्दशः तीच. तोवर २०१६ च्या पाचांतले केनेडी निवृत्त झाले होते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स २०१६ मध्ये टेक्सासच्या बाजूने होते. या वेळी त्यांनी लुईझियानाच्या विरोधात मत दिलं आणि पाच विरुद्ध चारने कायदा पडला. कारण एवढंच की तोच प्रश्न आला तर तेच उत्तर द्यायला हवं. पण जाता जाता त्यांनी लिहून ठेवलं की फायदा आणि अडथळा तोलायची पद्धत मला मान्य नाही, फक्त अडथळा बघा. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने तराजूच काढून घेतला. काही खालच्या कोर्टांनी लगेच त्यांचंच मत प्रमाण मानायला सुरुवात केली.

मधल्या काळात एक उलटा खटलाही झाला, तो सहसा कुणी सांगत नाही. गर्भपातापासून बायकांना परावृत्त करणारी केंद्रं अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत. कॅलिफोर्नियाने त्यांना सांगितलं की राज्यात स्वस्तात किंवा फुकट गर्भपाताची सोय आहे अशी सूचना भिंतीवर लावा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही सक्ती बोलण्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. गंमत अशी की गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पेशंटला ठरावीक माहिती ऐकवायची, ही राज्यांची सक्ती केसीने चालवून घेतली होती. दोन्हीकडे सरकारच दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालतंय. कोर्टाने फरक केला तो असा की एकीकडे माहिती प्रत्यक्ष उपचाराशी बांधलेली आहे, दुसरीकडे नाही. मला हा फरक पुरता पटलेला नाही, पण नियमांचं हत्यार दोन्ही बाजूंना धार असलेलं आहे एवढं यातून दिसतं.

मग २४ जून २०२२, डॉब्स खटल्याचा निकाल. मिसिसिपीची १५ आठवड्यांनंतरची बंदी वैध ठरली आणि सोबत रो आणि केसी दोन्ही गेले. अलिटो यांनी लिहिलेल्या या निकालातलं गाजलेलं वाक्य म्हणजे घटनेत गर्भपाताचा हक्क नाही हे. आपल्या विषयासाठी महत्त्वाचा भाग पुढे आहे. गर्भपाताचे कायदे आता आरोग्याच्या इतर कायद्यांसारखेच तपासायचे, ते वैध आहेत असं धरूनच सुरुवात करायची, पटण्याजोगं कारण असलं की पुरे. म्हणजे दवाखाना परत चष्म्याच्या दुकानात आला. मिसिसिपीतला एकमेव उरलेला दवाखाना, जॅक्सन शहरातली ती गुलाबी इमारत, दोनच आठवड्यांत बंद झाली. टेक्सासमध्ये आज जवळजवळ पूर्ण बंदी आहे, त्यामुळे पॅसेजची रुंदी विचारायला कुणी उरलेलंच नाही.

वाटलं होतं, सापळ्यांचा वाद इथे संपला. तो फक्त खोल्या बदलून राज्यांच्या कोर्टांत गेला. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःची घटना आहे आणि तिचा अर्थ लावताना राज्याचं सर्वोच्च न्यायालय वॉशिंग्टनपेक्षा जास्त संरक्षण देऊ शकतं. कॅन्ससच्या न्यायालयाने २०१९ मध्येच तो हक्क आपल्या राज्याच्या घटनेत वाचला होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो काढून टाकायचा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला आणि २०२४ च्या जुलैत त्याच न्यायालयाने दवाखान्यांच्या परवान्यांचे कडक नियम रद्द केले.

शेजारच्या मिझुरीची गोष्ट मात्र जास्त बोलकी आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी राज्याच्या घटनेतच प्रजननस्वातंत्र्याचा हक्क लिहून टाकला. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी गर्भपातबंदी स्थगित केली, पण परवान्याचे नियम तसेच ठेवले. आणि राज्यातला एकही दवाखाना काम सुरू करू शकला नाही. नियमांत एक असा होता की नुसत्या गोळ्या घ्यायला आलेल्या बाईचीही आतून तपासणी करायची. फेब्रुवारीत ते नियमही स्थगित झाले, तेव्हा कुठे मिझुरीतल्याच कॅन्सस सिटी शहरात गर्भपात सुरू झाले. मे महिन्यात वरच्या कोर्टाने फेरविचार करायला सांगितलं, सगळं परत थांबलं. जुलैत पुन्हा स्थगिती, पुन्हा सुरू. दवाखान्याच्या वकिलांनी तक्रारीत जाचक नियमांची यादी दिली होती. त्यात खोल्यांची मापं होती, दारांची मापं होती, आणि पॅसेजची रुंदी.